नवरा देऊन मोरीन घेतली, तो उन्हाळा

जुलैचा शेवटचा आठवडा आला की आमच्या घरात एक जण सुतकात बसतो. माझा मुलगा निनाद. अमेरिकेतल्या एका बेसबॉल टीमवर त्याचा जीव जडला आहे. ते शहर त्याने पाहिलेलं नाही, तिथे आमचं कोणी राहत नाही, आणि ती टीम दर वर्षी इतक्या निष्ठेने हरते की मला आता तिची माहेरच्या माणसासारखी माया वाटायला लागली आहे. तिकडे अशी रीत आहे म्हणे, की जुलै संपेपर्यंत टीम्सना आपापसांत खेळाडूंची अदलाबदल करता येते. मग हरणाऱ्यांनी आपला उरलासुरला चांगला माणूस जिंकणाऱ्यांना द्यायचा, बदल्यात दोन कोवळी पोरं घ्यायची आणि 'पुढच्या काही वर्षांत बघा' म्हणायचं. परवा शनिवारी सकाळी निनाद फोन हातात धरून जिना उतरला तेव्हा त्याचा चेहरा बघूनच मी ओळखलं.

"आई, त्याला देऊन टाकला. माझा टीमने. फॉर टू टीनएजर्स!"

"कोणाला रे?"

"द ओन्ली गुड वन!"

मी त्याच्यापुढे पोह्यांची बशी सरकवली, वर लिंबू पिळलं, आणि जमेल तितक्या साळसूदपणे म्हणाले, "होतं असं. तुझ्या बाबांनाही एकदा दिलं होतं."

"आई, प्लीज. नॉट अगेन."

त्याने ही गोष्ट ऐकली आहे. इंग्लंडमधल्या आमच्या या रीडिंग गावातल्या झाडून सगळ्या मराठी घरांनी ऐकली आहे. पण तुम्ही कुठे ऐकली आहे? बसा जरा.

इथला जुलै मला आधी नाकाला आठवतो. लाइम म्हणतात पण लिंबाशी नातं नाही अशा झाडांचा मधासारखा वास, कापलेल्या गवताचा हिरवा वास, आणि ऊन दोन दिवस टिकलं की गल्लीतल्या कचऱ्याच्या डब्यांचा तो तिसरा वास, ज्याबद्दल इंग्रज माणूस कधी बोलत नाही. मग कानाला. आइस्क्रीमच्या गाडीचं तेच ते किणकिणतं गाणं, जे नेमकं जेवणाच्या वेळी आपल्या दारात येतं. संध्याकाळी नऊला ऊन असतं. पहिल्या वर्षी आलेल्या सासूबाई पडदे ओढून म्हणायच्या, "हा काय दिवस म्हणायचा? याला संपायचं कसं ते कळत नाही."

त्या उन्हाळ्यात आम्ही सॉफ्टबॉल खेळायचो. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलची सोज्वळ धाकटी बहीण. चेंडू मोठा, टाकायचा खालून, हळूच, जणू आहेर देतोय असा. तो दांडूने मारायचा आणि चार कोपऱ्यांच्या चौकटीतून पळत घरी यायचं. कोपऱ्यावर थांबलं तरी चालतं, मागचा कोणी मारेल तेव्हा पुढे पळायचं. घरी पोचलात की एक धाव. उंच उडालेला चेंडू कोणी झेलला की तुम्ही बाद. तीन बाद झाले की डाव संपला. एम-फोर हायवेच्या कडेच्या ऑफिसांमधून अशी एक लीग चालायची. दर रविवारी दुपारी रेल्वेलाइनशेजारच्या मैदानावर. कुंपणापलीकडून लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनच्या गाड्या धडधडत जायच्या आणि कुंपणाला ब्लॅकबेरीची काटेरी जाळी होती, तिच्यावर जुलैअखेर लाल दाणे धरायचे.

आमच्या टीमचं नाव 'मावळे'. भगवे टी-शर्ट. स्थापना, व्यवस्थापन आणि दमदाटी, सगळं डॉक्टर उषा सबनीस यांचं. उषाताई भुलीच्या डॉक्टर. सत्तरच्या दशकात इथे आल्या आणि आयुष्य हॉस्पिटलात काढलं. मंडळाचा गणपती असो की कोणाचं बारसं, उषाताईंची रविवारी ड्यूटी. निवृत्त झाल्या आणि पहिल्याच रविवारी त्यांच्या लक्षात आलं, की आता सगळे रविवार आपले आहेत आणि त्यात घालायला काही नाही. मुलगी ऑस्ट्रेलियात, यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. मग त्यांनी फोन फिरवले. "इतकी वर्षं लोकांना झोपवलं," त्या म्हणायच्या, "आता तुम्हाला जागं करते."

तर आम्ही जागे झालो आणि हरलो. मग पुन्हा हरलो. एका बँकेच्या टीमकडून हरलो, एका बिस्किटवाल्यांच्या टीमकडून हरलो, आणि एकदा समोरची टीम अर्धीच आली तरी हरलो. आमचे प्रेक्षक मात्र एक नंबर. सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेले आईबाप आणि सासूसासरे, भर उन्हाळ्यात स्वेटर घालून, घडीच्या खुर्च्यांवर ओळीने बसलेले. मधे डबे. या मंडळींनी आयुष्यात सॉफ्टबॉल पाहिला नव्हता, पण मतं पहिल्या डावापासून तयार होती. त्यांच्या अग्रभागी आमच्या सासूबाई. निळी नऊवारी, वर शिरीषचा जुना रेनकोट, पायांत माझे ट्रेनर्स. शिरीष म्हणजे माझा नवरा. त्याच्या हातून चेंडू सुटला की त्या शेजारच्या काकूंना सांगायच्या, "ऊन डोळ्यांवर आलं त्याच्या." ढग असले तरी.

हरण्याचं कोणाला काही वाटत नव्हतं, लीगचा नियम कळेपर्यंत. ज्या टीमने हंगामात एकही सामना जिंकला नाही तिला पुढच्या वर्षी जागा नाही. बाहेर नव्या टीम्स ताटकळत उभ्या होत्या. उषाताईंनी हे आम्हाला अगदी शांतपणे सांगितलं, रुग्णाच्या नातेवाइकांना सांगतात तसं. मग चष्मा पुसत बसल्या. बराच वेळ. चष्मा स्वच्छच होता. तेव्हा मला कळलं, की जागा गेली तर आमचा खेळ जाईल, पण उषाताईंचा रविवार जाईल.

आणि त्यात जुलै संपत आला. या लीगमध्ये मैदानावर पाच पुरुष आणि पाच बायका असाव्याच लागतात. टीमची नोंदणी आम्ही मार्चमध्ये केली. बायका भरपूर होत्या, सगळ्यांनी हौसेने नावं दिली. आता तुम्हीच सांगा, परदेशातली मराठी बाई जुलैअखेर शाळा सुटली की काय करते? पोरं घेते, बॅगा भरते आणि पुण्याला, नागपूरला, ठाण्याला जाते! वर्षानुवर्षं जाते! तिकिटं जानेवारीत काढलेली असतात! हे इतक्या इंजिनियर आणि डॉक्टर लोकांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही मोजायला बसलो तेव्हा पुरुष होते सात आणि बायका चार. त्यांतली मी एक. मी राहिले कारण निनादची ग्रामर स्कूलची प्रवेशपरीक्षा तोंडावर होती.

उषाताईंच्या बागेत, सफरचंदाच्या झाडाखाली सभा भरली. कैरीचं पन्हं होतं, वेम्बलीहून मुद्दाम आणलेल्या कैऱ्यांचं. समीर उभा राहिला. हा मूळचा नागपूरचा, पण अमेरिकेत सहा वर्षं काढून आलेला. निनादला बेसबॉलचं वेड यानेच लावलं, ते पाप त्याच्या माथ्यावर आहे.

"सिम्पल आहे," तो म्हणाला. "इन्शुरन्सवाल्यांच्या टीमचा प्रॉब्लेम उलटा आहे. त्यांचे पुरुष ऑगस्टमध्ये स्पेनला चालले. बायका एक्स्ट्रा. नियमानं जुलै संपेपर्यंत माणूस बदलता येतो. आपण एक पुरुष द्यायचा, एक बाई घ्यायची. तिकडे अमेरिकेत पब्लिक या दिवसाची दिवाळीसारखी वाट बघते बे!"

"म्हणजे साटंलोटं," कोपऱ्यातून सासूबाई म्हणाल्या.

"बायकांचं ऐकलं होतं," त्यांच्या शेजारच्या काकू म्हणाल्या. "पुरुषांचं नव्हतं ऐकलं."

प्रश्न एवढाच, की द्यायचा कोणता? एकदम सातही पुरुष पन्ह्याच्या पेल्यात बघायला लागले. एकाचा फटका चांगला. एकाची गाडी सात जणांची. समीरला नियम पाठ. उषाताईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती शिरीषवर येऊन थांबली. भूल देताना बोलतात तशा मऊ आवाजात त्या म्हणाल्या, "शिरीष, दहापासून उलटं मोजायला लाग."

सगळी बाग हसली. शिरीष सगळ्यांत मोठ्याने हसला. त्याला कळायला थोडा वेळ लागला, आणि तोवर समीरने फोन लावला होता.

"गड यायच्या आधीच सिंह दिला!" सासूबाई उभ्या राहिल्या. "आणि बदल्यात कोण?"

बदल्यात मोरीन. इन्शुरन्स ऑफिसात पगारविभागाची प्रमुख, साठीची, गुडघ्याला पट्टा, आवाज रेल्वे स्टेशनच्या घोषणेसारखा. शाळेत असल्यापासून राउंडर्स खेळलेली, आणि राउंडर्स म्हणजे याच खेळाची इंग्रज मावशी. पहिल्याच रविवारी तिने मला "बेंड युअर नीज, लव्ह" असं इतक्या जोरात सांगितलं की शेजारच्या मैदानावरच्या बायकाही वाकल्या.

पण त्याआधीचा तो आठवडा! अदलाबदलीवर तासन्‌तास वाद घालणाऱ्या निनादच्या अमेरिकेतल्या रेडिओवाल्यांनी आमच्या घरचा फोन ऐकायला हवा होता. स्विंडनहून फोन, स्लाउहून फोन. ठाण्याहून माझ्या आईचा फोन: "अगं, जावईबापूंना दिलं म्हणजे काय?" एका गटाचं म्हणणं, शिरीषसारख्या शहाण्या माणसाला असं द्यायला नको होतं. दुसऱ्या गटाचं म्हणणं, शिरीषच्या बदल्यात गुडघ्याचा नुसता पट्टा मिळाला असता तरी टीमचा फायदाच होता. हा दुसरा गट मोठा होता आणि तो शिरीषसमोर बोलायचा.

तो हसून ऐकून घ्यायचा. फक्त एकदा, भांडी पुसता पुसता, पाठमोराच म्हणाला, "कोणीच 'नको' म्हणालं नाही, नाही का?" मीही म्हणाले नव्हते. मी पन्हं वाढत होते.

आणि दुसऱ्या दिवसापासून बागेतून धप्प धप्प आवाज यायला लागला. खिडकीतून बघते तो काय, संध्याकाळचं लांब पिवळं ऊन, गवतावर शिरीष इन्शुरन्सवाल्यांच्या नव्या मरून टी-शर्टात, गुडघ्यांत वाकलेला, आणि समोर सासूबाई, पदर खोचलेला, पायाशी बटाट्यांची पिशवी. त्या बटाटा वर उडवायच्या. तो धावायचा. धप्प. पुन्हा उडवायच्या. धप्प. कुंपणावरून शेजारचे आजोबा बघत होते. त्यांनी अत्यंत आदराने विचारलं, की हा सण कोणता?

"तुम्ही शत्रूला शिकवताय," मी सासूबाईंना म्हणाले.

"शत्रूला नाही, मुलाला," त्या म्हणाल्या. "रविवारी मी तुझ्याच बाजूच्या खुर्चीत बसेन. पण आठवडाभर मी त्याची आई आहे."

त्या ऑगस्टमध्ये आम्ही रोज बटाट्याची भाजी खाल्ली. चेपलेल्या बटाट्याची.

मोरीन आल्यावर आम्ही थोडे कमी हरायला लागलो. आधी बारा धावांनी हरायचो, मग चारांनी. प्रेक्षकांची मतं बदलली. सासूबाई पहिल्या रविवारी तिच्याकडे पाठ करून बसल्या होत्या. दुसऱ्या रविवारी तिला थालीपीठ दिलं. तिसऱ्या रविवारी दोघी एकाच चादरीवर बसून, एक मराठीत आणि एक इंग्रजीत, शिरीषच्या टीमला नावं ठेवत होत्या. दोघींना एकमेकींचं सगळं समजत होतं.

शेवटचा सामना नेमका इन्शुरन्सवाल्यांशी. तोवर आमच्या खात्यात एकही विजय नव्हता. आज नाही तर कधीच नाही. उषाताईंनी आम्हाला गोल उभं केलं आणि एवढंच म्हणाल्या, "मला जिंकलेलं हवंय. दिलेलं नको." हे म्हणताना त्यांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे, मरून टी-शर्टातल्या शिरीषकडे गेली.

काय दुपार होती ती! आकाश इतकं निळं की संशय यावा. शेवटचा डाव आमचा. एका धावेने आम्ही मागे. दोन बाद झालेले. तिसऱ्या कोपऱ्यावर समीर, दुसऱ्यावर मोरीन, आणि दांडू माझ्या हातात. खुर्च्यांच्या ओळीत कोणी तरी रामरक्षा म्हणत होतं. चेंडू हळूच, आहेरासारखा, आला. मी गुडघे वाकवले, लव्ह, आणि डोळे मिटून दांडू फिरवला.

असा आवाज माझ्या दांडूतून पूर्वी कधी आला नव्हता, पुढेही आला नाही. चेंडू उडाला, उंच, उंच, पॅडिंग्टनच्या गाडीच्याही वर, आणि डावीकडे वळला. जिथे शिरीष उभा होता.

मी पळत होते आणि बघत होते. तो मागे धावत होता, मान वर, हात पसरलेले. तो ओरडला, "माझा! माझा!" मरून टी-शर्ट घालून, इंग्रजांच्या टीममध्ये, भर बर्कशरात, मराठीत. चेंडू खाली आला, त्याच्या हातांत आला, हातांतून बोटावर, बोटावरून छातीवर, छातीवरून गवतावर, आणि घरंगळत थेट ब्लॅकबेरीच्या जाळीत.

समीर घरी पोचला. शिरीष जाळीत शिरला. मोरीन निघाली. तुम्ही बोट धक्क्याला लागताना पाहिली आहे? तशी ती येत होती, गुडघ्याचा पट्टा सुटून मागे फडफडतोय, तोंडाने स्वतःलाच शिव्या देत. शिरीष काट्यांतून चेंडू घेऊन बाहेर येईतो मोरीनने घरच्या पाटावर पाय ठेवला.

आणि मग आमच्या प्रेक्षकांतून जो आवाज आला तो आनंदाचा नव्हता. तो होता "ओऽऽ!" गोड. लाडिक. "बायकोसाठी सोडला गं!" काकूंनी डोळे टिपले. कोणी तरी शिट्टी मारली.

उषाताई हलल्या नाहीत. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्या चालत सरळ शिरीषपाशी गेल्या. "खरं सांग. मुद्दाम सोडलास?"

"उषाताई, देवाशपथ नाही! मला झेलायचा होता." त्याच्या हातांवर ओरखडे होते आणि करंगळी भलत्याच दिशेला बघत होती.

"तुझ्यावर कसा विश्वास ठेवू? तू चांगला माणूस आहेस." हे त्यांनी आरोपासारखं म्हटलं. मग त्या इन्शुरन्सवाल्यांच्या कॅप्टनकडे, ग्रॅहमकडे वळल्या, आणि इंग्रजीत म्हणाल्या, की हा विजय आम्ही घेणार नाही. अंपायर पंचाईत होऊन बुटांकडे बघायला लागला. उषाताईंचा रविवार त्या क्षणी त्यांच्या स्वतःच्या हातात होता आणि त्या तो परत करायला निघाल्या होत्या.

तेव्हा सासूबाई उठल्या. रेनकोट सावरत, माझे ट्रेनर्स घालून, मैदानाच्या मधोमध आल्या.

"उषाताई, मी याची आई. माझ्याइतकी याची बाजू कोण घेणार? पण खरं तेच सांगते. याला झेलता येत नाही. लहानपणापासून येत नाही. मुंजीत भिक्षावळ घातली ती अर्धी याने झोळीबाहेर सांडली. महिनाभर रोज बटाटे टाकतेय, माझा खांदा गेला. दहातला एक झेलतो, तोही पोटाने. सोडायला आधी धरता यावं लागतं! हा काय मुद्दाम सोडणार?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सांग त्या साहेबाला. इंग्रजीत सांग."

मी सांगितलं. हातवारे करून, बटाट्यांसकट, मुंजीसकट सांगितलं. असा प्रयोग मला आयुष्यात पुन्हा मिळायचा नव्हता.

ग्रॅहमने कान देऊन ऐकलं. मग शिरीषच्या खांद्यावर हात ठेवून तो अत्यंत गंभीरपणे म्हणाला, "सॉरी मेट, बट आय कॅन कन्फर्म. ऑल ऑगस्ट."

अंपायरने हात वर केला. मावळे जिंकले. आणि उषाताई, ज्यांना मोठ्याने हसताना कोणी पाहिलं नव्हतं, त्या गवतावर फतकल मारून बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिल्या. मोरीन त्यांच्या शेजारी आडवी पडून आकाशाला म्हणाली, की आता मला कोणी तरी उठवा.

घरी येताना गाडी मी चालवत होते. शिरीषने करंगळीवर फ्रोझन मटारची पिशवी धरली होती. मागच्या सीटवर सासूबाई आणि निनाद, दोघंही झोपलेले.

"सगळे म्हणतायत मी तुझ्यासाठी सोडला," तो म्हणाला.

"मग? छान आहे की. राहू दे."

"पण मला झेलायचा होता गं. तुला आऊट करायचं होतं."

"माहीत आहे मला," मी म्हणाले. "मी तुझा चेहरा बघितला."

खरंच बघितला होता. लग्नाला बारा वर्षं झाली होती. तोवर तो बॅडमिंटनमध्ये मला सोपी शटल द्यायचा, पत्त्यांत हुकूम दडवायचा, वादातसुद्धा अर्ध्यावर मान डोलवायचा. सांभाळून घ्यायचा. त्या दुपारी पहिल्यांदा तो माझ्याविरुद्ध जीव खाऊन धावला. लोकांना त्यात प्रेम दिसलं ते त्याने चेंडू सोडला म्हणून. मला दिसलं ते तो झेलायला गेला म्हणून. आमच्या घरातले पत्ते त्यानंतर जास्त रंगायला लागले.

सप्टेंबरात शिरीष आम्हाला परत मिळाला. मोरीन परत गेलीच नाही. ती थालीपिठावर राहिली. म्हणजे नवराही आमचा आणि मोरीनही आमचीच. याला म्हणतात ट्रेड. हे मी निनादला दर वर्षी सांगते आणि तो दर वर्षी म्हणतो, "आई, दॅट्स नॉट हाऊ इट वर्क्स."

सासूबाई आता नाहीत. त्यांची घडीची खुर्ची आहे, मैदानावर तिच्यात कोणी बसत नाही, डबे ठेवतो. उषाताई पंचाहत्तरी ओलांडून गेल्या, छत्रीखाली बसून अजून दमदाटी करतात. पण जुलै संपायला आला की त्यांचा मला न चुकता फोन येतो, आणि इकडचं तिकडचं बोलून झालं की त्या हळूच विचारतात, "मंजू, आता तरी सांग. मुद्दाम नव्हता ना सोडला?"

परवाच्या शनिवारी पोहे संपवून निनाद बागेत गेला. शिरीष तिथे वाकून टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होता, त्याच जुन्या मरून टी-शर्टात. आता तो टी-शर्ट गुलाबी झालाय. निनादने यंदाचा पहिला पिकलेला टोमॅटो तोडला, एकुलता एक, आणि हाक मारली, "बाबा, कॅच!"

शिरीष वळला. गुडघे वाकवले. हात पसरले. "माझा!" म्हणाला. आणि गवतावर धप्प.

मी आत जाऊन उषाताईंना फोन लावला. म्हटलं, "यंदा तुम्ही विचारायच्या आधी मीच सांगते. निकाल कायम आहे."